नळावर १, घरात ०.२ : कुतुपालोंगच्या एका टेकडीचं पाणी

बांगलादेशच्या कॉक्स बझार जिल्ह्यात कुतुपालोंग-बालुखाली छावणी आहे. तिथल्या एका टेकडीवरच्या साधारण ४,००० माणसांसाठी क्लोरीन घातलेलं नळाचं पाणी सुरू करायला, पहिल्या अर्जापासून पहिल्या भरलेल्या कळशीपर्यंत सहा महिने गेले : ऑक्टोबर २०१८ ते मार्च २०१९. पाइप टाकायला त्यातले जेमतेम तीन आठवडे लागले. बाकीचा वेळ कागद, वाट बघणं आणि झालेलं काम उकलून पुन्हा करणं यात गेला. पाणीपुरवठ्याच्या कामाची सवय असलेलं कोणी आपल्याकडून अशा ठिकाणी जाणार असेल, तर पुढचं वाचून निदान आमच्या चुका तरी टळाव्यात.

आधी, हातपंप असताना नळ कशाला, याचं उत्तर. २५ ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांत म्यानमारच्या राखाइन प्रांतातून सात लाखांहून जास्त रोहिंग्या सीमा ओलांडून आले. टेकड्यांवरचं जंगल तुटलं, बांबू-ताडपत्रीची घरं उभी राहिली आणि पहिल्या काही आठवड्यांत जो तो उथळ नलिका-विहिरी खणत सुटला. खणायची तिथली देशी पद्धत बघण्यासारखी आहे. बांबूच्या परांचीवर एक माणूस बसतो, खालचे दोघे तरफेने लोखंडी पाइप वर-खाली करतात. पाइप वर जाताना वरचा माणूस तळहाताने त्याचं तोंड दाबतो, खाली येताना हात उचलतो. त्याचा तळवा हीच झडप. चिखलाचं पाणी उसळत बाहेर पडतं, पाइप खाली सरकतो, आणि दिवसभरात विहीर तयार. भोक ढासळू नये म्हणून त्या पाण्यात शेण कालवतात. म्हणजे पहिला दोष जन्मतःच.

दुसरा दोष पंपाचा. तिथे सगळीकडे 'नंबर सिक्स' नावाचा बिडाचा पंप असतो. आपल्या इंडिया मार्क-२ हातपंपाचा सिलिंडर खाली पाण्यात बुडालेला असतो. नंबर सिक्सचा दट्ट्या वर पंपाच्या डोक्यातच असतो आणि तो पाणी ओढून घेतो. पाण्याची पातळी सातेक मीटरच्या खाली गेली की पंप कोरडा. शिवाय वॉशर सुकला की वरून तांब्याभर पाणी ओतल्याशिवाय तो पाणी धरत नाही, आणि ते पाणी बहुतेकदा शेजारच्या डबक्यातलं. त्यात शौचालयाचा खड्डा दहा-पंधरा मीटरवर, तोही चढाच्या बाजूला. स्फिअरची मानकं (मदतकार्यासाठीची आंतरराष्ट्रीय किमान मानकं) ३० मीटर अंतर सांगतात, पण त्या दाटीत ३० मीटरची मोकळी जागा टेकडीवर दाखवायची कुठे? तपासणीत अशा कितीतरी पंपांच्या पाण्यात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, सापडत होते. फेब्रुवारी उजाडला की त्यातले बरेचसे आटायचेही.

म्हणून खोल बोअर, टेकडीच्या माथ्यावर टाकी आणि उतारावर नळकोंडाळी असा बेत ठरला. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, टेकनाफच्या बाजूला, हे सहसा जमत नाही. तिथे भूजल तुटपुंजं आहे, नयापाराची छावणी वर्षानुवर्षं तलावाच्या पाण्यावर आणि उन्हाळ्यात टँकरवर चालत आली आहे. आमची छावणी ज्या उखिया तालुक्यात आहे तिथे खाली वाळूचे पाणीदार थर आहेत, हे आमचं नशीब.

कागदांचा क्रम असा : ढाक्यातून तातडीच्या मदतकार्यासाठीचा एफडी-७ नावाचा अर्ज मंजूर करून घ्यायचा, मग कॉक्स बझारला शरणार्थी आयुक्तांच्या कार्यालयाची संमती, मग त्या छावणीच्या प्रभारी अधिकाऱ्याची जागेसाठी सही, आणि बोअरच्या जागेवर सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खात्याचं मत. आम्हाला सगळं मिळून सात आठवडे लागले. अर्जात 'एक नलिका-विहीर' एवढंच लिहून भागत नाही. टाकी, सौर पॅनेल, पाइपची लांबी आणि नळकोंडाळ्यांच्या जागा नकाशासह पहिल्याच अर्जात द्या. आम्ही पॅनेलची जागा नंतर जोडली, आणि माथ्यावरच्या तेवढ्या तुकड्यासाठी पुन्हा खालून वर सगळ्या सह्या झाल्या. आणखी एक : बाहेरच्या माणसांना अंधार पडायच्या आत छावणी सोडावी लागते. संध्याकाळचं पाणी सोडणं, क्लोरीन बघणं, व्हॉल्व्ह बंद करणं हे सगळं छावणीतल्याच माणसांच्या हाती असणार. आराखडा करतानाच हे डोक्यात हवं, कारण रात्री काही बिघडलं तर इंजिनिअर सकाळपर्यंत येत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात यंत्र वर चढलं. ठेकेदाराला पैसे फुटावर मिळतात, त्यामुळे त्याला घाई खोलीची असते, तुम्हाला हवी असते ती थरांची माहिती. दर तीन मीटरला निघालेली माती प्लॅस्टिकवर ओळीने मांडून ठेवा, शेजारी खोली लिहा, फोटो काढा. जाळीचा पाइप कुठे बसवायचा हे त्या ढिगांवरून ठरतं. बारीक राखाडी चिकणमातीसमोर जाळी आली तर पंप आयुष्यभर गाळ ओकतो. आमचं बोअर दीडशे मीटरच्या पुढे गेलं. जाळीच्या भोवती धुतलेली खडी आणि त्याच्या वर सिमेंटचं सील. वरचा गढूळ निचरा केसिंगच्या कडेने खाली उतरू नये यासाठी हे सील असतं, आणि काम पूर्ण झाल्यावर ते दिसत नाही. म्हणूनच चोरी तिथे होते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मोजून घ्या. आमच्या हिशेबात गोण्या कमी भरल्या. वरची माती पुन्हा उकरायला लावली तेव्हा पहिल्या दोन मीटरनंतर नुसती वाळू निघाली. सील नव्याने भरण्यात चार दिवस गेले.

नंतर कॉम्प्रेसरच्या हवेने बोअर धुणं. हे ठोकताळ्याने थांबवायचं नाही. पांढऱ्या बादलीत पाणी घ्यायचं, ती गोल फिरवायची आणि मध्यभागी वाळूचा ठिपका उरतो का ते बघायचं. ठिपका उरत नाही तोवर धुणं चालू. मग पंपिंग चाचणी : आधी टप्प्याटप्प्याने वाढवत, नंतर एकाच वेगाने २४ तास, आणि पंप बंद केल्यावर पातळी किती वेळात पूर्ववत होते त्याची नोंद. पाणी खूप मिळालं म्हणून खूश होऊ नका. चाचणी डिसेंबरात होते, पंपाची खोली मात्र एप्रिलच्या पातळीला धरून ठरवायची असते.

पाण्याच्या तपासणीत आर्सेनिकचा त्रास निघाला नाही. बांगलादेशची मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १०. दोन्हींच्या आत आलं. लोह मात्र लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास होतं. त्याने पुढे काय केलं ते नंतर येईल. ई. कोलाय पहिल्याच नमुन्यात सापडले, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, खोदकामाच्या चिखलातून ते येतातच. बोअरला क्लोरीनचा दणका द्यावा लागतो : लिटरला ५० मिलिग्रॅम. १५० मिमी केसिंगमध्ये एका मीटरला पावणेअठरा लिटर पाणी मावतं, म्हणजे मीटरमागे १ टक्क्याचं द्रावण ९० मिलिलिटर. रात्रभर ठेवायचं आणि सकाळी वास जाईपर्यंत उपसून टाकायचं. ते पाणी कुणाच्या भाजीच्या वाफ्यात किंवा माशांच्या तळ्यात जाणार नाही हे आधी बघा. दोन दिवसांनी घेतलेला नमुना स्वच्छ आला.

आता हिशेब. माणशी रोज २० लिटर धरलं तर ४,००० माणसांना ८०,००० लिटर. सौर पंपाला दिवसाचे सहा तास धरले, म्हणजे ताशी साडेतेरा हजार लिटर. साठ्याला ९५ घनमीटरची, बोल्टने जोडायच्या पत्र्याच्या पट्ट्यांची आणि आत रबरी अस्तर असलेली टाकी. ही टाकी दोन-तीन दिवसांत उभी राहते, पण भरल्यावर आत ९५ टन पाणी असतं. माथा सपाट करताना एका बाजूची माती खणून दुसऱ्या बाजूला भर घालायचा मोह होतो. टाकी संपूर्णपणे खणलेल्या, न हललेल्या जमिनीवरच बसवा. भरावाची कड पहिल्याच पावसाळ्यात खचते, आणि कॉक्स बझारला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो.

नळांच्या संख्येत स्फिअरचा आकडा नुसता उचलला तर फसायला होतं. मानक सांगतं २५० माणसांमागे एक नळ, मिनिटाला साडेसात लिटर. त्या हिशेबाने आमचं १६ नळांत भागायला हवं होतं. पण मिनिटाला ७.५ लिटर म्हणजे तासाला ४५०, आणि ८०,००० लिटर वाटायला एकूण १७८ नळ-तास लागतात. पाणी सकाळी चार तास आणि दुपारनंतर तीन तास सोडायचं ठरलं, तेव्हा सात तासांत २६ नळ कायम उघडे हवेत, तेही एकही वॉशर न बिघडता. आम्ही सहा नळांची पाच कोंडाळी केली, ३० नळ. १६ वर थांबलो असतो तर रांग अर्ध्या तासाच्या मर्यादेत राहिली नसती, आणि रांगेला कंटाळलेली बाई जवळच्या नंबर सिक्सवर गेली असती.

कोंडाळ्यांच्या जागा ठरवायला दोन आठवडे गेले. प्रत्येक माझीला (छावणीतल्या मुकादमाला तिथे माझी म्हणतात) नळ आपल्या दाराशी हवा असतो. बायकांची बैठक वेगळी घेतली तेव्हा दोन जागा बदलाव्या लागल्या. एक जागा चहाच्या टपरीसमोर येत होती, तिथे दुपारनंतर पाण्याला जायला मुली तयार नव्हत्या. दुसऱ्या जागेला उताराची वाट ओली झाली की भरल्या कळशीने पाय घसरायचा. नकाशावर दोन्ही जागा उत्तम होत्या.

पाइप एचडीपीईचे, म्हणजे जाड काळ्या प्लॅस्टिकचे. जमिनीवरून ओढत नेणं सोपं आणि स्वस्त पडतं, तरी पुरून घ्याच. उघडा पाइप उन्हात तापतो, पोरं त्यावर उड्या मारतात, कुणीतरी खिळा ठोकून आपली धार काढतं, आणि आग लागली तर तो वितळतो. मार्च २०२१ मध्ये बालुखालीत लागलेल्या आगीत हजारो घरं जळाली, तेव्हा वरून टाकलेल्या पाइपांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. टेकडीच्या उंचवट्यांवर एअर व्हॉल्व्ह आणि सखल जागी गाळ काढायचा व्हॉल्व्ह हवाच. पहिल्या चाचणीत चौथ्या कोंडाळ्याला पाणीच पोहोचेना. पाइप फुटला असेल म्हणून दिवसभर चर उकरला, अडली होती नुसती हवा. आणि खालच्या कोंडाळ्याला ३० मीटरचा दाब येत होता, म्हणजे कळशीत पाणी कमी, अंगावर जास्त. प्रत्येक फांदीचा व्हॉल्व्ह अर्ध्या-अर्ध्या आट्याने आवळत, २० लिटरची बादली आणि घड्याळ घेऊन सगळे नळ सारखे केले. बादली २ मिनिटं ४० सेकंदांत भरली की झालं साडेसात लिटर. व्हॉल्व्ह किती आट्यांवर आहे ते चेंबरच्या झाकणाखाली रंगाने लिहून ठेवा, नाहीतर पहिल्याच दुरुस्तीत सगळं पूर्वपदावर.

क्लोरीनच्या बाबतीत आपल्याकडची सवय थोडी मोडावी लागते. ग्रामपंचायतीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असते, साधारण ३३ टक्के क्लोरीनची, तीही ताजी असेल तर. छावणीत एचटीएच (कॅल्शियम हायपोक्लोराइट) मिळतं, ६५ ते ७० टक्क्यांचं. १ टक्क्याच्या द्रावणाला टीसीएल लिटरला ३० ग्रॅम लागते, तर एचटीएच १५. हाताच्या अंदाजाने टाकणारा ऑपरेटर दुप्पट टाकून बसतो. पावडर पाण्यात घालायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. हातमोजे, चष्मा, तोंडाला मास्क. आणि डबे जनरेटरच्या खोलीत ठेवायचे नाहीत : तेल किंवा डिझेल लागलं तर एचटीएच आपोआप पेट घेऊ शकतं. आमच्याकडे पहिले दोन आठवडे डबे तिथेच होते, कारण कुलूप लागणारी खोली तेवढी एकच होती.

मात्रा ठरवायची ती बादल्यांवर. २० लिटरच्या चार बादल्या, त्यात १ टक्क्याचं द्रावण २, ४, ६ आणि ८ मिलिलिटर, म्हणजे लिटरला १, २, ३, ४ मिलिग्रॅम. ढवळून, झाकून अर्धा तास ठेवायचं आणि उरलेला क्लोरीन मोजायचा. आमच्या पाण्याला २ मिलिग्रॅम बरोबर बसलं, त्यातला काही वाटा लोहच खात होतं. दिवसाला १६ लिटर द्रावण, म्हणजे एचटीएच फक्त २४० ग्रॅम. ८०,००० लिटर पाण्याला मूठ-दोन मूठ पावडर! द्रावण रात्रीच करून ठेवायचं आणि सकाळी वरची निवळी तेवढी डोझिंग पंपाच्या (पाण्यात मोजून द्रावण सोडणाऱ्या पंपाच्या) पिंपात घ्यायची. आळस करून गाळासकट ओतलं की चुन्याच्या साक्याने पंपाची झडप आठवड्यात बसते. बसलेली झडप दिसत नाही, आवाज तसाच येत राहतो आणि टाकीत नुसतं पाणी जात असतं.

मोजायला डीपीडी-१ गोळी. आपल्या ओटी टेस्टचा पिवळा रंग एकूण क्लोरीन दाखवतो, डीपीडीचा गुलाबी रंग लगेच वाचला तर मोकळा, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेला क्लोरीन. गोळीला बोट लावायचं नाही, वेष्टनातूनच नळीत टाकायची. एक फसगत अशी, की क्लोरीन फारच जास्त असला, लिटरला १० मिलिग्रॅमच्या पुढे, तर गुलाबी रंग उमटून क्षणात उडतो आणि नळी रंगहीन दिसते. ते शून्य समजून ऑपरेटर आणखी द्रावण ओततो. शंका आली तर तेच पाणी स्वच्छ, बिनक्लोरीनच्या पाण्यात दहापट पातळ करून पुन्हा मोजा.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी सुटलं आणि तक्रारीही सुटल्या. पहिली वासाची : 'औषधाचं पाणी'. दुसरी चहाची. लोह असलेल्या पाण्यात चहा काळपट होतो, आणि क्लोरीनने लोह बाहेर पडून पाण्याला तांबूस झाकही येते. दोन्हींचं खापर क्लोरीनवर फुटलं. तांबूसपणावर इलाज टाकीचा : पाणी रात्रभर निवळू द्यायचं, बाहेर काढायचा पाइप तळापासून वीतभर वर ठेवायचा आणि महिन्यातून एकदा तांबडा गाळ धुऊन काढायचा. वासावर इलाज सबुरीचा. नळावर लिटरला ०.३ मिलिग्रॅम क्लोरीनपासून सुरुवात करून तीन आठवड्यांत १ पर्यंत नेलं. पहिल्याच दिवशी १ दिला असता तर निम्मं गाव हातपंपावर परतलं असतं.

स्फिअर नळावर ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन सांगतं, मग १ कशाला? कारण पाणी नळाला कोणी पीत नाही. बंगालीत 'कोलशी' म्हणतात ती आपलीच कळशी, ॲल्युमिनियमची, अरुंद गळ्याची. ती घरात येते, तिचं पाणी प्लॅस्टिकच्या डब्यात ओतलं जातं, आणि डब्यातून मग बुडवून घेतात. त्या मगाचा दांडा तुटलेला असतो, त्यामुळे बुडवताना बोटंही बुडतात. क्लोरीन खपतो तो इथे. आम्ही स्वयंसेविकांकडून काही घरांत त्याच पाण्याचा माग ठेवला : नळावर, चार तासांनी, दुसऱ्या सकाळी. नळावर ०.५ असलं की सकाळी बहुतेक डब्यांत गुलाबी छटाच उरत नव्हती. नळावर १ असलं की ०.२ च्या आसपास उरायचं. एप्रिलच्या उकाड्यात तेही कमी पडू लागलं, तेव्हा वाढवायच्या आधी डबे धुवायची मोहीम घेतली : डब्यात मूठभर बारीक खडी, थोडं क्लोरीनचं पाणी, झाकण लावून पाच मिनिटं खळखळवायचं. आतला बुळबुळीत थर निघाला की क्लोरीनची खादाडी निम्म्यावर येते. घरातले ई. कोलायचे नमुने घेताना बाटलीत आधी सोडियम थायोसल्फेट घाला. ते नसलं तर प्रयोगशाळेपर्यंतच्या प्रवासात क्लोरीन जंतू मारत राहतो आणि अहवाल खोटा शून्य येतो.

खर्चाचं म्हणाल तर सर्वांत मोठे घास बोअर, सौर संच आणि टाकीचे, मग पाइप. एचटीएच आणि डीपीडी गोळ्या त्यापुढे चिल्लर, आणि तरी वर्षाच्या मध्यात पहिली कात्री त्यांनाच लागते, कारण त्या 'खर्चाच्या वस्तू' या सदरात येतात. ऑपरेटर आणि नळ राखणाऱ्या स्वयंसेवकांना छावणीत ठरलेल्या दराने मोबदला मिळतो, आमच्या वेळी अकुशल कामाला तासाला ५० टका होता. तो सुरुवातीपासून पूर्ण वर्षासाठी मंजूर करून घ्या.

हस्तांतराला ऑपरेटरकडे एक पत्र्याची पेटी दिली : नळांचे ५० वॉशर, दोन जास्तीचे नळ, पाइप जोडायचे चार सांधे, डोझिंग पंपाच्या झडपेचा संच, मुदतीची तारीख ठळक लिहिलेल्या डीपीडी गोळ्या, १५ ग्रॅमच्या रेघेचा चमचा आणि बंगाली-बर्मी दोन्ही अंकांत छापलेली नोंदवही. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात रात्री तिसऱ्या कोंडाळ्याखालची माती वाहून गेली आणि पाइप हातभर उघडा पडून सांध्यातून निसटला. ऑपरेटरने टाकीचा व्हॉल्व्ह अंधारातच बंद केला होता. सकाळी चेकपोस्टवरून आत पोहोचेपर्यंत पेटीतले दोन सांधे वापरून झाले होते आणि नोंदवहीत सात वाजताचा आकडा लिहिलेला होता : ०.९.